निशाणी : नांगर, अंगठा आणि आंकडा

अकोलें हें प्रवरेच्या कांठचें गांव. पश्चिमेस कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांचे डोंगर, गांवालगत अगस्ति ऋषींचें देवस्थान, आणि भोंवतीं दूरवर पसरलेल्या वाड्या. ह्या वाड्यांवरचीं माणसें बाजारहाटासाठीं, कचेरीच्या कामासाठीं आणि अलीकडे बँकेंतील पैसे काढण्यासाठीं अकोल्यास किंवा राजुरास येतात. पूर्वीं बँकेच्या दारांत रांग धरावी लागे. आतां सेवाकेंद्रांत तळहाताएवढें एक यंत्र असतें. म्हातारी बाई त्याच्या कांचेवर अंगठा टेकते, केंद्रचालक क्षणभर पडद्याकडे पाहतो, आणि खात्यांत जमा झालेले अनुदानाचे पैसे तिच्या हातीं पडतात. सही नको, पासबूक नको. सोय मोठी खरी. परंतु ‘अहो आजी, अंगठा नीट उमटला नाहीं, पुन्हां ठेवा,’ असें कोणीं म्हटलें, तर ती पुन्हां ठेवते. पहिल्या वेळीं अंगठा खरोखरच उमटला नसेल. किंवा उमटलाहि असेल, आणि दुसऱ्या वेळीं दुसरीच रक्कम निघाली असेल. पावती मागून ती कोणाकडून तरी वाचून घेतल्याखेरीज तिला तें कळावयाचें नाहीं.

ह्या जिल्ह्याला, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, अशा निशाणीची गोष्ट नवी नाहीं. ज्या काळीं कुणब्याला अक्षर येत नसे, त्या काळीं तो कर्जरोख्याखालीं नांगराचें चित्र काढी. त्याला ‘निशाणी नांगर’ म्हणत. बायकांची निशाणी बांगडीची असे. पुढें नांगर गेला आणि अंगठा आला. रोख्यांत काय लिहिलें आहे हें निशाणी करणाऱ्याला पुष्कळदां ठाऊक नसे. पन्नास रुपये घेतले असतां शंभर लिहिले गेले, व्याजाचें मुद्दल झालें, आणि शेवटीं जमीन सावकाराच्या नांवावर चढली, अशा हकीकती त्या काळच्या सरकारी चौकशीच्या कागदांत भरलेल्या आहेत. ह्याच अकोलें तालुक्यांतील देवगांवच्या राघोजी भांगरे यांनीं १८४० नंतरच्या दशकांत सावकारी जुलमाविरुद्ध बंड उभारलें आणि १८४८ सालीं ठाण्यास ते फांसावर गेले. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें, भर बाजाराच्या दिवशीं, शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे ओढून काढून जाळले. तो वणवा नगर जिल्ह्यांतहि पसरला. लोकांनीं माणसें मारलीं नाहींत, कागद जाळले. कारण आपला शत्रु कोठें लपला आहे हें त्यांना नेमकें समजलें होतें.

त्यानंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठीं एक कायदा झाला. त्यांत एक साधी योजना होती. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्त गांवच्या निबंधकासमोर व त्याच्या देखरेखीखालीं लिहिला जावा, मजकूर त्याला समजावून सांगितला जावा, आणि मगच त्याची निशाणी घेतली जावी. ह्या कायद्यानें सावकारी संपली नाहीं. परंतु त्यानें एक तत्त्व सांगितलें. निशाणी करणारा आणि निशाणी घेणारा ह्या दोघांमध्यें एक तिसरा माणूस असावा, आणि निशाणी करण्यापूर्वीं थोडा वेळ जावा. संगणकाच्या व मोबाइलच्या आजच्या युगांत ज्या फसवणुकी चालल्या आहेत, त्यांचा विचार करतांना हें जुनें तत्त्व डोळ्यांसमोर ठेवावें लागतें.

कारण आज प्रत्येक सुशिक्षित घरांत निशाणी चालू आहे. ती नांगराची नाहीं व अंगठ्याचीहि नाहीं. ती आंकड्यांची आहे. बँकेकडून मोबाइलवर येणारा ओटीपी म्हणजे एकदांच वापरावयाची सही. यूपीआयचा पिन म्हणजे कायमची सही. १८७५ च्या कुणब्याला वाचतां येत नव्हतें म्हणून तो फसला. आजचा निवृत्त अधिकारी, डॉक्टर किंवा प्राध्यापक वाचूं शकतो, इंग्रजी जाणतो, आणि तरीहि फसतो. केंद्रीय गृहखात्यानें संसदेस दिलेल्या आंकड्यांप्रमाणें अशा गुन्ह्यांत देशांतील लोकांचे २०२३ सालीं सुमारें ७,४६५ कोटी रुपये गेले, आणि २०२४ सालीं सुमारें २२,८४५ कोटी. एका वर्षांत तिप्पट वाढ! साक्षरता वाढत असतां फसवणूक तिप्पट व्हावी, ह्याचा अर्थ असा कीं चोराची नजर आतां अज्ञानावर नसून दुसऱ्याच कशावर तरी आहे.

यंत्रावरचे हल्ले प्रथम पाहूं. २७ जून २०१७ रोजीं ‘पेट्या’ ह्या नांवानें गाजलेला एक संगणकी विषाणु जगभर पसरला, आणि त्याच्या तडाख्यांत न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याचें काम विस्कळित झालें. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर दरोडा पडला. एटीएममध्यें कार्ड घातल्यावर ‘पैसे द्यावे कीं देऊं नयेत’ असा प्रश्न बँकेच्या संगणकास विचारला जातो. चोरांनीं ह्या प्रश्नोत्तराच्या वाटेवर आपला खोटा उत्तर देणारा बसविला. तो प्रत्येक प्रश्नास ‘द्यावे’ असेंच सांगे. ११ ऑगस्ट रोजीं कांहीं तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारें ७८ कोटी रुपये काढले गेले. देशांतहि सुमारें अडीच कोटी गेले. आणि १३ तारखेस आणखी सुमारें १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यांत वळविले गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. ह्या प्रकरणीं २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांस शिक्षा सांगितली. मुख्य सूत्रधार कोठेंहि असोत. देशांतील एटीएमसमोर उभे राहून नोटा मोजणारे हात मात्र येथलेच होते, आणि ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार असल्यामुळें लक्षांत ठेवावी.

असे दरोडे घालण्यास मोठी विद्या लागते, पूर्वतयारी लागते, पैसा लागतो. त्यापेक्षां घरमालकाकडूनच कुलूप उघडवून घेणें स्वस्त पडतें. म्हणून चोर यंत्राकडून माणसाकडे वळला. त्याच्या तीन युक्त्या घरोघर माहीत असल्या पाहिजेत.

पहिली युक्ति आमंत्रणाची. ऑगस्ट २०२५ मध्यें हिंगोली जिल्ह्यांतील एका सरकारी कर्मचाऱ्यास व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. अनोळखी क्रमांक, पण शुभकार्याचें निमंत्रण. तें उघडूं नये असें कोणास वाटेल? पत्रिका उघडली आणि थोड्याच वेळांत खात्यांतून सुमारें १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच. जिच्या नांवाच्या शेवटीं ‘एपीके’ हीं अक्षरें असतात, ती फाइल चित्र किंवा पत्र नसून मोबाइलमध्यें नवें ॲप बसविणारी असते. तें ॲप एकदां आंत शिरलें आणि मागेल ती परवानगी त्याला मिळाली, म्हणजे बँकेचे निरोप तें मालकाआधीं वाचतें आणि ओटीपी परस्पर चोराकडे पोंचवितें. लग्नपत्रिकेऐवजीं कधीं वाहनाच्या दंडाची पावती येते, कधीं शेतकऱ्यांच्या सन्मान निधीचें नांव येतें. चोर पंचांग पाहून काम करतो. लग्नसराईंत पत्रिका धाडतो, आणि हप्त्याच्या दिवसांत योजनेचें नांव सांगतो. उपाय सोपा आहे. ॲप घ्यावयाचें तें मोबाइलच्या अधिकृत भांडारांतूनच घ्यावें. निरोपाबरोबर आलेली ‘एपीके’ फाइल, ती सख्ख्या भावाच्या क्रमांकावरून आली तरी, उघडूं नये. कारण भावाचा मोबाइल आधींच चोराच्या ताब्यांत गेलेला असूं शकतो.

दुसरी युक्ति पैसे देण्याची. जुना पलंग विकावयास काढला असतां लांबून कोणी गिऱ्हाईक बोलतें, भाव न करतां कबूल होतें, आणि म्हणतें, ‘साहेब, पैसे धाडले आहेत; हा कोड मारा आणि पिन घाला, म्हणजे जमा होतील.’ यूपीआय २०१६ पासून चालू आहे. भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वजण तें वापरतात. आणि तरीहि पुष्कळांच्या मनांत हा एक नियम ठसलेला नाहीं कीं, पैसे घेण्यास पिन लागत नाहीं. पिन लागतो तो देण्यास. दुकानदाराच्या गल्ल्यांत पैसे टाकावयाचे असतील तर आपल्या कनवटीची गांठ आपण सोडतों. दुसऱ्यानें आपल्या ओंजळींत पैसे घालावयाचे असतील तर आपली कनवट सोडण्याचें काय कारण? एवढा दृष्टान्त घरांतील लहान मुलांस व वृद्धांस सांगून ठेवला, तरी कित्येक चोऱ्या टळतील.

तिसरी युक्ति भीतीची, आणि तीच सर्वांत क्रूर. तिला ‘डिजिटल अटक’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. तिचा क्रम बहुधा असा असतो. सकाळच्या वेळीं फोन येतो. ‘तुमच्या नांवाचें पार्सल पकडलें आहे, त्यांत अंमली पदार्थ आहेत,’ किंवा ‘तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यांतून काळा पैसा फिरला आहे.’ मग चित्रासह फोन लागतो. पडद्यावर गणवेश, मागें राजमुद्रा, टेबलावर कागदांचे गठ्ठे. खोट्या शिक्क्याचें पत्र येतें. नंतर आवाज खालीं येतो : ‘तुम्ही सज्जन दिसतां. तुम्हांला ह्यांतून सोडवितां येईल. मात्र चौकशी गुप्त आहे. घरांत कोणास एक अक्षर सांगितलेंत तर त्यांनाहि अटक होईल.’ आणि शेवटीं : ‘तुमचा पैसा स्वच्छ आहे कीं नाहीं हें तपासण्यासाठीं तो ह्या सरकारी खात्यांत ठेवा; तपासणी झाली कीं परत मिळेल.’

दक्षिण मुंबईंतील ८६ वर्षांच्या एका वृद्धेस ह्याच रीतीनें २६ डिसेंबर २०२४ पासून ३ मार्च २०२५ पर्यंत, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळ, तिच्याच घरांत कोंडून ठेवलें गेलें. दाराला कडी नव्हती आणि बाहेर पहारा नव्हता. ह्या काळांत तिनें २० कोटी रुपयांहून अधिक रक्कम चोरांच्या खात्यांत भरली. ती जेवणापुरतीच खोलीबाहेर येते आणि आंत कोणाशीं तरी मोठ्यानें बोलत असते, हें घरकाम करणाऱ्या बाईच्या लक्षांत आलें, आणि तिनें तें मुलीच्या कानावर घातलें, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. कोट्यवधींच्या ह्या व्यवहारांत संशय कोणास आला? बँकेच्या संगणकास नव्हे. ‘बाई आज नेहमीसारख्या नाहींत’ एवढेंच जिला कळलें, त्या मोलकरणीस.

अशा वेळीं सुशिक्षित माणूस कां फसतो? तो कायदा मानणारा असतो म्हणून. आयुष्यभर त्यानें कर वेळेवर भरलेला असतो, कचेरीच्या पत्रास उलटटपालीं उत्तर दिलेलें असतें. पोलीस आपल्या दारीं येणें ही त्याच्या दृष्टीनें मरणाहून वाईट गोष्ट असते. १८७५ च्या कुणब्याला कागदावरील अक्षरें वाचतां येत नव्हतीं; आजच्या पदवीधरास अक्षरें वाचतां येतात, पण कागदावरचा शिक्का पाहिला कीं तो अक्षरें तपासण्याचें विसरतो. चोराची नजर आहे ती ह्या अब्रूवर. भीति दाखवून तो विचार थांबवितो, घाई करून वेळ हिरावून घेतो, आणि गुप्ततेची शपथ घालून तिसरा माणूस दूर करतो. १८७९ च्या कायद्यानें वेळ आणि तिसरा माणूस हीं जीं दोन राखणीं बसविलीं होतीं, नेमकीं तींच तो उपटून काढतो.

वस्तुतः भारतांतील कोणत्याहि कायद्यांत फोनवरून अटक करण्याची तरतूद नाहीं. पोलीस, न्यायालय, आयकर खातें किंवा रिझर्व्ह बँक ह्यांपैकीं कोणीहि तपासणीसाठीं नागरिकाचे पैसे दुसऱ्या खात्यांत मागवीत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं आकाशवाणीवरील ‘मन की बात’ ह्या कार्यक्रमांत पंतप्रधानांनीं हीच गोष्ट देशास सांगितली : प्रथम थांबावें, मग विचार करावा, आणि नंतर कृति करावी. पुढें ह्या गुन्ह्यांची दखल सर्वोच्च न्यायालयानें स्वतःहून घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजीं त्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोंपविण्याचा आदेश दिला.

हे चोर असतात तरी कोण? पुष्कळसे फोन म्यानमार, कंबोडिया व लाओस येथील कुंपण घातलेल्या वसाहतींतून येतात. तेथें फोन करणारीं कित्येक मुलें भारतांतलींच असतात. चांगल्या नोकरीच्या आशेनें तीं विमानांत बसलीं. तेथें पारपत्र काढून घेतलें गेलें, आणि रोज ठराविक माणसें फसविण्याचें काम गळ्यांत पडलें. मार्च २०२५ मध्यें म्यानमारच्या सरहद्दीवरून अशा ५०० हून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनीं परत आणावें लागलें. म्हणजे एका टोंकाला भीतीनें कोंडलेली वृद्धा, आणि दुसऱ्या टोंकाला मारानें कोंडलेला तरुण; मधला पैसा तिसराच घेऊन जातो.

आणि तो पैसा जातो कोणत्या वाटेनें? एटीएमसमोरचे हात येथलेच असतात, असें वर सांगितलें. फसविलेली रक्कम प्रथम एखाद्या विद्यार्थ्याच्या, मजुराच्या किंवा शेतकऱ्याच्या खात्यांत उतरते, तेथून दहा खात्यांत फांकते, आणि कांहीं तासांत रोख होऊन नाहींशी होते. ‘तुझें खातें महिनाभर वापरावयास दे, पांच हजार मिळतील,’ असें सांगणारा मित्र तालुक्याच्या गांवींहि भेटतो. खातें आणि सिमकार्ड भाड्यानें देणारा मुलगा आपण चोरी केली असें मानीत नाहीं. परंतु पोलिसांच्या तपासांत पहिलें नांव त्याचेंच निघतें. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखालीं संगणकाच्या साहाय्यानें तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि त्याला मदत करणाराहि सुटत नाहीं. महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनीं ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावीच.

इतकी काळजी घेऊनहि एखादा फसलाच तर त्यानें काय करावें? त्या क्षणीं त्याचा मोठा शत्रु चोर नसतो, लाज असते. ‘लोक काय म्हणतील, मुलगा काय म्हणेल, एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा गंडला!’ ह्या विचारांत रात्र जाते, आणि त्या एका रात्रींत पैसा दहा खातीं ओलांडून जातो. म्हणून फसवणूक लक्षांत येतांच, रडणें व पश्चात्ताप मागाहून करावा आणि प्रथम १९३० हा क्रमांक फिरवावा. हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे. तक्रार नोंदतांच पैसा ज्या बँकेंत पोंचला असेल तिला कळविलें जातें, आणि रक्कम तेथें असेल तर ती तेथेंच गोठवितां येते. हातांत घटका थोड्या असतात. नंतर आपल्या बँकेस कळवून खातें व कार्ड बंद करावें, आणि निरोप, क्रमांक, पावत्या कांहींहि पुसून टाकूं नये. तोच पुरावा असतो. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, ग्राहकाची चूक नसतांना त्रयस्थामुळें पैसा गेला आणि ग्राहकानें तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविलें, तर त्याच्यावर तोशीस पडूं नये. पण ग्राहकानें स्वतःच आपला गुप्त आंकडा दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्याच्याच माथीं. म्हणजे नियमहि तेंच सांगतो : गप्प बसण्याच्या प्रत्येक घटकेची किंमत द्यावी लागते.

घरांतील तरुणांकडेहि येथें एक कर्तव्य येतें. वडील किंवा आजोबा फसले असतां त्यांस हिणविणाऱ्या घरांत पुढची फसवणूक कोणी सांगत नाहीं. ज्या घरांत फोन आल्याबरोबर ‘अग, हा माणूस काय म्हणतो तें जरा ऐक,’ असें म्हाताऱ्यास मोकळेपणीं म्हणतां येतें, तें घर कोणत्याहि सुरक्षा-ॲपपेक्षां अधिक सुरक्षित असतें. घरांत एक साधा रिवाज घालावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून, रक्कम लहान असो वा मोठी, घरांतील दुसऱ्या एका माणसास सांगितल्याशिवाय पैसे पाठवावयाचे नाहींत. आणि जो ‘कोणास सांगूं नका’ असें म्हणेल, तो चोर असें धरून चालावयाचें. एकटें राहणाऱ्यांनीं शेजाऱ्याचा किंवा विश्वासाच्या स्नेह्याचा क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

१८७९ च्या निबंधकाची कचेरी आतां नाहीं. लिहिलेलें वाचून दाखवून, समजलें कां असें विचारून, मगच निशाणी घेणारा तो माणूस कोणत्याहि मोबाइलमध्यें बसवितां येत नाहीं. परंतु ‘अहो, तो फोन आधीं खालीं ठेवा, आणि काय झालें तें मला सांगा,’ असें म्हणणारी घरधनीण, आजीच्या पाठीमागें उभा राहून ‘काका, पावती द्या, आजीला वाचून दाखवितों,’ असें सेवाकेंद्रांत म्हणणारा वाडीवरचा शाळकरी नातू, आणि ‘बाई आज नेहमीसारख्या नाहींत’ हें ओळखणारी मोलकरीण, हीं सर्व त्याच निबंधकाचें काम करीत असतात. अकोल्याच्या म्हातारीचा अंगठा काय आणि मुंबईच्या पदवीधराचा आंकडा काय, दोन्ही निशाण्याच. आणि कोणतीहि निशाणी एकट्यानें, घाईनें व भीतीनें करावयाची नसते.